शाळा कोणाच्या चुलीवर चालते?

कुटुंब आणि शिक्षण या समाजाच्या दोन मूलभूत संस्था मानल्या जातात आणि त्यांची कामे वेगवेगळी सांगण्याची पद्धत आहे. मुलाला जन्म देणे, खाऊपिऊ घालणे, बोलायला-चालायला शिकवणे, रीतभात लावणे ही कुटुंबाची कामे. अक्षरओळख, गणित, विज्ञान, पुढच्या व्यवसायाची तयारी आणि नागरिकत्वाची जाण ही शाळेची. पाठ्यपुस्तकांत ही वाटणी दोन रकान्यांत छापलेली असते आणि चर्चेतही तीच गृहीत धरली जाते. मूल वाचनात मागे पडले की शिक्षक म्हणतात, घरी लक्ष देत नाहीत. पालक म्हणतात, शाळेत शिकवत नाहीत.

ही वाटणी प्रत्यक्षात इतकी सरळ कधीच नव्हती. शाळा दिवसाचे पाच-सहा तास भरते. उरलेल्या वेळात मूल जेवलेले असावे, पुरेसे झोपलेले असावे, त्याला आंघोळ घातलेली असावी, संध्याकाळी दिव्याखाली बसायला त्याला कोपरा मिळावा आणि अभ्यासात अडले तर विचारायला कोणी असावे, हे सगळे शाळा न बोलता धरून चालते. ज्या घरात हे असते तिथे शाळेचे काम सुरळीत होते आणि श्रेय शाळेला किंवा मुलाच्या हुशारीला मिळते. जिथे नसते तिथे मूल गळते आणि खापर पालकांच्या अनास्थेवर फुटते. महाराष्ट्रातल्या शिक्षणप्रसाराचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर नुसत्या शाळा काढल्याने शिक्षण तळापर्यंत गेले, असे दिसत नाही. जेवण, निवारा आणि देखरेख ही कुटुंबाच्या वाट्याची कामे जेव्हा कोणीतरी उचलली, तेव्हाच ते गेले.

वार आणि माधुकरी

एकोणिसाव्या शतकात पुण्यात शिकायला येणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलांची सोय वार लावून होत असे. कोकणातला किंवा देशावरचा मुलगा शहरात आला की ओळखीपाळखीने सात घरे धरायची. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. सगळे वार भरले नाहीत तर माधुकरी मागायची. निजायला एखाद्या वाड्याचा ओटा, देवळाची ओवरी किंवा दूरच्या नातलगाची पडवी असे. यात हाल होते, मानापमान होते, कधी उपासही घडत. तरीही व्यवस्था म्हणून ती मोठी होती. विद्यार्थ्याला जेवू घालणे पुण्याचे मानणाऱ्या एका समाजाने आपल्या चुली शिक्षणाच्या कामी लावल्या होत्या. इंग्रजी शाळांतून आणि १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठातून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढ्यांमागे ही कुठल्याही हिशेबात न आलेली गुंतवणूक होती.

कुणबी, माळी, धनगर, महार, मांग मुलाला ही सोय नव्हती. शहरात स्वजातीची सुस्थितीतली घरे फारशी नसत आणि परजातीच्या पंगतीत त्याला जागा नव्हती. गुरे राखायला आणि राखणीला त्याच्या हातांची घरी गरज असे, ते वेगळेच. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, शेतकऱ्याच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे स्पष्टपणे मांडले आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शिक्षण आणि घर यांचा संघर्ष त्यांनी स्वतः भोगला होता. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केल्यानंतर समाजाच्या दबावाखाली वडिलांनी त्यांना आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढले. कुटुंब ही स्वायत्त संस्था नसून जातीच्या धाकाखाली वागणारी संस्था आहे, हे या एका घटनेत दिसते.

कोल्हापूर: आधी सोय, मग सक्ती

सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ साली तो संस्थानभर लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. शाहूंच्या धोरणातला क्रम मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांचे पहिले मराठा वसतिगृह १९०१ सालचे. म्हणजे सक्ती येण्याच्या सोळा वर्षे आधी राहण्या-जेवण्याची सोय आली होती.

त्याआधी १८९६ साली सर्व जातींसाठी म्हणून राजाराम वसतिगृह निघाले होते. व्यवहारात तिथे ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. इतर जातींचा मुलगा कागदोपत्री पात्र असूनही पंगतीपाशी अडत होता. मग मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा एकेका समाजाची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृहांनी जात पक्की केली, असा आक्षेप या धोरणावर घेतला जातो आणि त्यात तथ्यही आहे. मात्र ज्या काळात बाप मुलाला परजातीच्या स्वयंपाकघराच्या भरवशावर सोडायला तयार नव्हता, त्या काळात त्याचा विश्वास मिळवण्याचा तोच व्यवहारी रस्ता होता. शिवाय प्रत्येक समाजातल्या पैसेवाल्यांना आपल्या मुलांसाठी देणगी द्यायला त्यातून भाग पाडता आले. ब्राह्मण समाजात वार लावण्याच्या रूपाने जे आपोआप होत होते, ते इतर समाजांसाठी शाहूंनी दरबारच्या मदतीने उभे केले.

सातारा: एक पंगत

या व्यवस्थेची मर्यादा तिच्याच एका विद्यार्थ्याने ओलांडली. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले. पुढे १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले ते सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले.

या बोर्डिंगची रोजची रीत हाच तिथला मोठा पाठ होता. मुलांनी पाणी भरायचे, दळायचे, भाकरी थापायच्या, शेतात राबायचे आणि मग वर्गात बसायचे. महाराचा मुलगा, मराठ्याचा मुलगा, जैनाचा मुलगा एकाच तव्यावरची भाकरी एका ओळीत बसून खात. ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे मूळ या राबण्यात आहे. फी भरू न शकणाऱ्या मुलाने श्रमाने शिक्षण मिळवायचे, म्हणजे दयेवर जगण्याचा कमीपणा त्याला येत नाही. वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्याला जे सोसावे लागे, ते इथे टळले.

संस्था म्हटली की घटना, समिती, हिशेब डोळ्यांपुढे येतात. पण साताऱ्याचे बोर्डिंग सुरुवातीला चालले ते एका घराच्या जिवावर. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलांचे खाणेपिणे, आजारपण बघत. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईंनी सगळ्या जातींची मुले आपली मानली. त्यांचे दागिने मुलांच्या पोटासाठी एकेक करून गेले. कोठीतले धान्य संपले तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिले. पुढे रयतच्या शाळा आणि महाविद्यालये महाराष्ट्रभर पसरली. त्या विस्ताराच्या मुळाशी एका कुटुंबाने परक्या मुलांसाठी कुटुंब होण्याचे पत्करले, ही गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही महाविद्यालयांच्या आधी वसतिगृहापासून सुरुवात केली. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. मुंबईतले सिद्धार्थ महाविद्यालय त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९४६ साली आले.

घर हीच अडचण असते तेव्हा

मुलग्यांच्या बाबतीत प्रश्न घराच्या अपुरेपणाचा होता. विधवांच्या बाबतीत घर हाच अडसर होता. केशवपन, एकवेळचे जेवण, दिवसभर राबणे आणि कोणाच्या नजरेस न पडणे, हे सारे त्यांना कुटुंबच लावत असे. अशा मुलीसाठी घराजवळ शाळा काढून काही उपयोग नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था सुरू केली आणि काही वर्षांत हिंगण्याच्या माळावर झोपडीत तिचे बस्तान बसवले. या दोन्ही ठिकाणी आधी घर मिळायचे आणि मग शिक्षण. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. मोठ्या वयात शिकून त्यांनी आश्रमाची व्यवस्था पाहिली आणि संस्थेसाठी गावोगाव फिरून निधी जमवला. ज्या समाजात विधवेने उंबरठा ओलांडणे अशुभ मानले जाई, त्याच समाजाच्या दारात ती आता वर्गणी मागायला उभी होती.

कुटुंबाची जागा घेणाऱ्या संस्थेकडे कुटुंबाची सत्ताही येते, म्हणून तिच्याविषयी संशय निर्माण होतो. शारदा सदनात धर्मांतराला उत्तेजन मिळते असा आरोप १८९३ च्या सुमारास झाला, तेव्हा अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. आरोपाच्या खरेखोटेपणापलीकडे त्यातला प्रश्न खरा आहे. परक्या छपराखाली मूल वाढते तेव्हा त्याला कोणते संस्कार मिळावेत, हे कोणी ठरवायचे? निवासी शिक्षणाच्या प्रत्येक प्रयोगाला आजतागायत या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले आहे.

अंगणातली शाळा आणि आश्रमशाळा

आदिवासी भागात या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालवले. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नव्हती, कारण मोठी भावंडे धाकट्यांना कडेवर घेऊन असत किंवा गुरांमागे जात. तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी आणि खेळ. साधने म्हणून पाने, बिया, शिंपले आणि खडे. गुराख्यांसाठी शाळा कुरणात भरवली गेली. मूल घरापासून न तोडता घराच्या पायरीपर्यंत शिक्षण नेण्याची ही रीत होती. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली.

दुसरे उत्तर आश्रमशाळेचे. विरळ वस्ती, डोंगराळ वाटा आणि हंगामी स्थलांतर यांमुळे मूल निवासी शाळेत ठेवणे सोयीचे ठरते. मेळघाटापासून गडचिरोली आणि नंदुरबारपर्यंत हजारो मुले या शाळांतूनच दहावीपर्यंत पोहोचली. पण सहा वर्षांचे कोरकू, माडिया किंवा पावरा मूल जेव्हा मराठीच बोलणाऱ्या शिक्षकापुढे येते तेव्हा जेवण आणि छप्पर मिळूनही त्याचे घर त्याच्यापासून दूर जाते. होळीला पाड्यावर गेलेले मूल परतायला तयार नसते, तेव्हा त्याला शिक्षणाची गोडी नाही असे म्हणणे सोपे असते. वस्तुतः भाषा, सण, जंगलाची माहिती, आजीच्या गोष्टी हे सगळे कुटुंब शिकवत होते आणि त्याची जागा संस्थेने भरली नाही. कुटुंबाचे काम उचलणे आणि कुटुंब पुसून टाकणे यांतला फरक आश्रमशाळांच्या अनुभवातून कळतो.

ऊसतोडीचा हंगाम

आजच्या महाराष्ट्रात कुटुंब आणि शाळा यांची फारकत सर्वात ठळक दिसते ती ऊसतोड कामगारांच्या बाबतीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू गावांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती तोडणीतून फेडायची असते. पहाटे अंधारात फडात उतरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी येईल तेव्हा भरायची, मग ती रात्री का येईना. अशा दिवसात दहा-बारा वर्षांची मुलगी पालांच्या वस्तीवर पाणी आणते, भाकरी करते, धाकट्याला सांभाळते. तिचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते.

मुलांना शाळेत पाठवा, हा उपदेश या कुटुंबाला निरर्थक आहे. दोघांच्या मजुरीवर उचल फिटते, म्हणून एकाला गावी राहता येत नाही. यावर दोन उपाय झाले. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, म्हणजे शाळा मुलामागे गेली. पण फड बदलला की पालही हलते. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहांचा. आईवडील जातात, मूल गावातच आजीआजोबांकडे राहते, आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. नाते तुटत नाही, शाळा सुटत नाही, आणि थकलेल्या आजीवर रोजच्या स्वयंपाकाचा भार पडत नाही. हा उपाय सुटसुटीत आहे, पण तो वेळेवर सुरू होणे महत्त्वाचे. टोळ्या ऑक्टोबरात निघतात. जेवण डिसेंबरात सुरू झाले तर मूल आधीच आईवडिलांबरोबर गेलेले असते.

इथेच मुलींच्या लवकर होणाऱ्या लग्नाचे एक कारण सापडते. वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवण्याची भीती आणि फडावर नेण्याची त्याहून मोठी भीती, या दोहोंतून बाप लग्नाचा मार्ग काढतो. लग्न झालेली जोडी म्हणजे नवा कोयता, नवी उचल. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सालचा आहे आणि तो आवश्यकही आहे. पण मुलीला सहा महिने सुरक्षित ठेवणारी जागा नसेल तर कायदा त्या बापाच्या हिशेबात शिरतच नाही.

ज्या घराला परवडते

दुसऱ्या टोकाला ज्या कुटुंबांकडे साधने आहेत, ती स्वतःच शाळेभोवती आपली घडी बदलतात. लातूर शहर दहावी-बारावीच्या निकालांनी आणि पुढे वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशांच्या तयारीने नावारूपाला आले. तिथे दोन वर्षांसाठी खोली घेऊन मुलाजवळ राहणारी आई नवलाची राहिलेली नाही. वडील गावी शेती किंवा नोकरी सांभाळतात. डबा, झोपेची वेळ, शिकवणीची ने-आण आणि मनाचा आधार हे सारे ती पुरवते. यश जाहीर होते तेव्हा फलकावर क्लासचे नाव झळकते आणि आईची दोन वर्षे कोणी मोजत नाही. स्पर्धा परीक्षेत बसलेल्या दोन मुलांपैकी एकामागे असे पूर्ण वेळ काम करणारे घर असते आणि दुसऱ्यामागे नसते. गुणपत्रिकेत हा फरक गुणवत्ता म्हणून उमटतो. मार्च २०२० पासून टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या तेव्हा हे उघड झाले. घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर, अशी स्थिती असलेल्या मुलांची शाळा त्या दिवशी बंदच झाली.

शाळेने घर बदलले ते कसे

नाते एकतर्फी नाही. शाळेनेही कुटुंब बदलले. मुलगी जितकी वर्षे शाळेत टिकते तितके तिचे लग्न लांबते. शिकलेली आई मुलाच्या आजारपणात आणि अभ्यासात वेगळे निर्णय घेते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, आणि साताऱ्यात एका बोर्डिंगने घातलेली एकत्र पंगत सरकारी शाळांच्या ओसरीवर आली. काही गावांत स्वयंपाक करणारी बाई कोणत्या जातीची, यावरून कुरबुरी झाल्या. त्यावरून ही पंगत किती मोलाची आहे हेच कळते. मात्र शाळेचा परिणाम नेहमी सुधारणेच्या दिशेने जातो असेही नाही. मुलाची पदवी जितकी मोठी तितका हुंडा मोठा, हा अनुभव सुशिक्षित घरांतलाच आहे. कुटुंबाने शाळेतून आलेली प्रतिष्ठा घेतली आणि ती आपल्या जुन्या व्यवहारात वापरली.

दोन आक्षेप

शाळेने घराचे काम उचलावे, या म्हणण्यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा आहे. खिचडीचा तांदूळ मोजणे, नोंदवह्या भरणे, सर्वेक्षणे करणे यांत शिकवणे मागे पडते, ही तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर हे काम बंद करण्यात नाही. ते करणाऱ्या स्वतंत्र माणसांना नेमणूक, पुरेसे मानधन आणि प्रतिष्ठा देण्यात आहे. स्वयंपाकी बाई, अंगणवाडी सेविका आणि वसतिगृहाचा अधीक्षक ही शिक्षणव्यवस्थेची मुख्य माणसे आहेत. त्यांना तुटपुंज्या मानधनावर ठेवायचे आणि कामाचा भार शिक्षकावर टाकायचा, यात दोन्ही कामांचे नुकसान होते.

दुसरा आक्षेप असा की राज्य किंवा संस्था कुटुंबाची जबाबदारी घेऊ लागली तर पालक आपले कर्तव्य विसरतील. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला, त्याबरोबर सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्यही ठरवले. कर्तव्य सांगणे योग्यच आहे, पण ते पार पाडण्याची ऐपत असावी लागते. साताऱ्याच्या बोर्डिंगमुळे शेतकऱ्यांनी मुलांकडे पाठ फिरवल्याचे दिसत नाही. उलट, मुलगा शिकू शकतो असे दिसल्यावर पुढच्या मुलाला त्यांनी आपणहून पाठवले.

या दृष्टीने आजच्या निर्णयांची पारख करता येते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, अशी अपेक्षा आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याच्या विचारात इमारत, प्रयोगशाळा आणि शिक्षकसंख्या यांचा हिशेब बरोबर असेलही. पण वाढलेले अंतर कोणीतरी चालायचे असते, मुलीला पोहोचवायला कोणीतरी मजुरी बुडवायची असते. हा खर्च शासनाच्या हिशेबातून निघून कुटुंबाच्या खात्यावर जातो, आणि ज्याला तो झेपत नाही त्या घरातून आधी मुलगी शाळेबाहेर पडते. म्हणून शिक्षणाचा कोणताही निर्णय तपासताना पहिला प्रश्न हा असायला हवा की मुलाचे जेवण, झोप, सोबत आणि ने-आण यांपैकी काय या निर्णयाने घरावर ढकलले जाते आणि ते पेलण्याची ताकद कोणत्या घरात आहे. शाहूंच्या कोल्हापुरात या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले गेले आणि सक्तीचा कायदा त्यानंतर आला. तो क्रम आजही लागू पडतो.